आज बसून जेवले

रविवार, रात्रीचे साडेबारा

आज मी सगळ्यांबरोबर बसून जेवले, अगदी पहिल्या घासापासून. तेव्हापासून काहीतरी टोचतंय.

मोठा मुलगा आता घर सोडून दुसऱ्या शहरात राहायला चाललाय. जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी काय करू, असं त्याला विचारलं होतं. वाटलं, मटणाचा रस्सा म्हणेल. नाहीतर पॅटिस. म्हणाला, "आई, ते वर बटाटा असतो ना, टेक्स-मेक्स शेफर्ड्स पाय, ते कर." खाली मसालेदार खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर, आणि ओव्हनमध्ये भाजायचं. आजवर दोनदाच केलंय मी ते. "बरं" म्हटलं, पण मन खट्टू झालं. १८ वर्षं याच्यासाठी रांधलं, आणि जाताना आठवण झाली ती डब्यातल्या टोमॅटोची नि चीजची.

तरी करायचं तर नीटच करायचं. खरा शेफर्ड्स पाय मेंढीच्या खिम्याचा, गाईचा घातला तर त्याला कॉटेज पाय म्हणतात. आमच्याकडे टर्की. दोन पौंड खिमा घेतला. टर्की कोरडी, म्हणून भाजून सोललेल्या पोब्लानो मिरच्या, मक्याचे दाणे, ब्लॅक बीन्स आणि रो-टेलचा दहा औंसांचा डबा, हिरव्या मिरच्या घातलेल्या टोमॅटोचा. मसाला म्हणजे इथली, अमेरिकेतली चिली पावडर. इथे आल्यावर पहिल्या वर्षी तिला लाल तिखट समजून आमटीत घातली होती. तिच्यात जिरं, लसूण, ओरेगानो सगळं आधीच असतं, त्या आमटीच्या वासाने मला रडू आलं होतं. तीच पावडर आज खिम्यावर पडली आणि घरभर वास सुटला, तेव्हा मात्र बरं वाटलं. जिऱ्याचा वास शेवटी जिऱ्याचाच.

खिमा चांगला आटवला. रस राहिला तर बटाटा खाली बसतो. बटाटा कडेकडेने लावत मध्ये आणला, म्हणजे कडा बंद होतात आणि खालचं उतू येत नाही. वर काट्याने रेघा, म्हणजे उंचवटे खरपूस होतात, त्यावर चेडर चीज. ४०० डिग्री फॅरनहाइटला २५ मिनिटं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर वाढताना सगळं ढासळतं.

त्या दहा मिनिटांत मला काही सुचेना. कणीक नाही, तवा नाही, ओटासुद्धा पुसून झालेला. मी नुसती उभी. धाकटी म्हणाली, "आई, बस ना, काय उभी राहिलीस?" बसले. ज्याने त्याने आपापलं वाढून घेतलं. मला कुणी "अजून एक" म्हटलं नाही, म्हणायची गरजच नव्हती. पंधरा मिनिटांत जेवण आटपलं. छान झालंय म्हणाले सगळे, दोघांनी दुसऱ्यांदा घेतलं. मग नवरा फोनवर, धाकटी वर तिच्या खोलीत, मोठा त्याच्या खोक्यांकडे.

आमच्याकडे जेवण एवढ्यात कधी संपत नाही. पोळ्या एकेक करून येतात, तासभर जातो.

आईच्या पॅटिसचं आठवत राहिलं. बटाट्याची वाटी करून आत खिमा भरायचा, रव्यात घोळवायचं, तव्यावर एकेक परतायचं. जिन्नस जवळजवळ हेच, फक्त तिथे खिमा आत आणि बटाटा बाहेर. ती परतत राहायची, आम्ही खात राहायचो. शेवटी तिच्या वाट्याला दोन यायचे, थोडे फुटलेले, आणि तेही गार. मी तेव्हाच ठरवलं होतं, मी असं जेवणार नाही. आज तसं जेवले नाही. मग हे काय आहे?

उभं राहण्याचं मला कौतुक नाही. पाय दुखतात, पाठ धरते, आणि शेवटचं गार अन्न मलाही आवडत नाही. पण तव्याजवळ मोठा येऊन उभा राहतो. गरम पोळी हातातच घेतो, गुंडाळी करतो आणि बोलतो. गणितात कमी पडलेले मार्क मला तव्याजवळ कळले. ती मुलगी आता बोलत नाही, तेही. टेबलावर त्याने कधी काही सांगितलं नाही. म्हणजे मला उभं राहायचं नव्हतंच, मला ती जागा हवी होती. बाबांच्या आजारपणाचंसुद्धा मी आईला... असो.

इथे टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोत पूर्वी चिली क्वीन्स होत्या, चिली नावाचा मांसाचा तिखट रस्सा विकणाऱ्या बायका. घरून चिलीची भांडी आणून संध्याकाळी मिलिटरी प्लाझात कंदील लावायच्या, लोक बाकांवर बसून खायचे आणि या बायका रात्री उशिरापर्यंत वाढायच्या. पुढे त्या चौकात सिटी हॉल उभा राहिला, मग या बायका दुसऱ्या चौकांत गेल्या, आणि १९३०च्या दशकात शहराच्या आरोग्याच्या नियमांनी ते सगळं बंद झालं. त्या रस्त्यावरून आम्ही नेहमी जातो. मला आजवर त्यांच्या कष्टांचंच वाटायचं. आज वाटलं, कंदील विझल्यावर त्यांना घरी करमलं असेल का? गिऱ्हाइकं काय काय बोलत असतील त्यांच्याशी.

हे इथवर लिहिलं तेव्हा अकरा वाजले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरात फ्रीज उघडल्याचा आवाज आला.

मोठा ओट्याशी उभा राहून डिशमधूनच चमच्याने खात होता, गारच. मी उंच स्टुलावर बसले. त्याने न विचारता कोपऱ्यातला खरपूस तुकडा बशीत काढून माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "बटाटे थंड पाण्यातच का टाकायचे? उकळत्यात टाकले तर लवकर नाही होणार?" मी सांगितलं, बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात. त्याने फोनमध्ये लिहून घेतलं. खिमा किती आटवायचा, तेही. तो जाणार त्या लबक शहरातल्या अपार्टमेंटमध्ये ओव्हन आहे, रविवारी एकदा केलं की बुधवारपर्यंत पुरेल, म्हणाला. "पोळ्या मला जमणार नाहीत गं, म्हणून हे करायला सांगितलं."

मग त्याच्या रूममेटचं, ड्राइव्हचं, सहा तास एकट्याने गाडी चालवायची थोडी भीती वाटते त्याचं, असं बराच वेळ. मी स्टुलावर बसून, तो उभा. गार झालेला बटाटा मलाही आवडला, कडेचा तर फारच.

डिश आता सिंकमध्ये भिजत घातली आहे. नऊ बाय तेरा इंचांची काचेची, माझ्याकडे तशी एकच आहे. ती त्याच्या खोक्यात घालू का, हे विचारायचं राहिलं.