नववा प्रश्न

आठ प्रश्नांवर तिनं भराभर खुणा केल्या. नवव्यावर पेन थांबलं.

"खरं लिहिलं तर मुलगा परत मिळेल ना?"

पीएचक्यू-९ चा कागद, म्हणजे नैराश्य चाचपायची नऊ प्रश्नांची यादी. गेल्या २ आठवड्यांतली झोप, भूक, उदासी. प्रत्येकाला ० ते ३ गुण. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. "ही चाळणी आहे, निदान नव्हे," मी म्हणाले. पाठच झालंय ते वाक्य.

पण पोटचं पोर बालकल्याणवाल्यांनी नेल्यावर झोप कुणाला लागते? ते दुःख की आजार, हे बेरजेला कसं कळावं!

तिनं 'अजिबात नाही'वर खूण केली, माझ्याकडे न बघता. मग कागद बाजूला सारून आम्ही बराच वेळ बोलत बसलो.

मदतीसाठी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुरावा म्हणून फाइलला लागणार असेल, तर खरं कोण लिहील?