जुन्या गाडीवाटेने एंगादिन: ग्वार्दा ते श्कुओल

ग्वार्दा गावातल्या पहिल्याच मोठ्या घरासमोर आई थांबली, रुंद कमानीच्या दाराकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “अगं, हे माणसांचं दार नाही, गाडीचं दार आहे.” तिचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, गोठा आणि माजघर एकाच छपराखाली असलेल्या घरात गेले. त्यामुळे माहितीपत्रकात वाचून मला जे समजले होते, ते तिने नुसत्या नजरेने ओळखले. वाळलेल्या गवताने भरलेली गाडी या दारातून थेट घरात शिरत असे आणि मधल्या प्रशस्त दालनातून मागच्या कोठारापर्यंत जात असे. या दालनाला इथल्या रोमान्श भाषेत ‘सुलेर’ म्हणतात. खाली गोठा, मागे गवताचे कोठार, एका बाजूला राहण्याच्या खोल्या आणि या सगळ्यांना जोडणारा सुलेर, अशी या घरांची रचना आहे. आमच्या पुढच्या तीन दिवसांच्या चालण्याची गुरुकिल्ली मला आईच्या त्या वाक्यात सापडली.

स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाला, ग्राउब्युंडन प्रांतात, इन नदीच्या खोऱ्याचा खालचा भाग म्हणजे खालचे एंगादिन. नदी खोल घळीतून वाहते, रेल्वे आणि मोटाररस्ता बराचसा तिच्या आसपास राहतो. परंतु जुनी गावे मात्र शेदोनशे मीटर वर, उन्हाकडे तोंड केलेल्या उतारावरच्या सपाटीवर वसलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात खालून नवा रस्ता झाला, त्याआधी खोऱ्यातली सारी वाहतूक याच वरच्या गावांमधून होत असे. आज पिवळ्या पाट्यांवर पायवाट म्हणून दाखवलेला ग्वार्दा–बोश्चा–आर्देत्स हा मार्ग त्या काळचा हमरस्ता होता. ही वाट सोपी आहे, ती यामुळे. ती गाड्यांसाठी, गुरांसाठी आणि पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्या माणसांसाठी बांधलेली होती, आणि अशा वाटेचा चढ बेताचाच असावा लागतो.

हे मी आवर्जून लिहीत आहे, कारण सह्याद्रीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना चालण्याचे मोल चढावरून ठरवण्याची सवय असते. गुडघ्याच्या दुखण्यामुळे मला गेली चार वर्षे किल्ले सोडावे लागले आणि आईचे वय सदुसष्ट. म्हणून आम्ही सोपा मार्ग निवडला, हे खरे. पण ज्यांना शिखर झेपत नाही त्यांच्यासाठीची ही दुय्यम सोय आहे, असे या वाटेवर मला एकदाही वाटले नाही. ही गावे ज्या वाटेकडे तोंड करून उभी आहेत, त्या वाटेनेच त्यांच्यात शिरायला हवे.

झुरिकहून लांडक्वार्ट येथे गाडी बदलून आम्ही रेटियन रेल्वेच्या लाल गाडीत बसलो. १९९९ साली सुरू झालेला सुमारे १९ किलोमीटर लांबीचा वेरेइना बोगदा ओलांडला की आपण एकदम एंगादिनमध्ये येतो. ग्वार्दाचे स्थानक खाली दरीत आहे आणि गाव १६५० मीटर उंचीवर. स्थानकापासून गावापर्यंत टपालखात्याची छोटी पिवळी बस जाते. तो चढ पायी चढण्याचा अट्टाहास करू नये, ताकद गावासाठी राखून ठेवावी.

ग्वार्दात आम्ही दोन रात्री राहिलो, आणि तेवढा वेळ या एवढ्याशा गावाला द्यायलाच हवा. १६२२ साली, तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत, सेनापती बाल्दिरॉनच्या ऑस्ट्रियन सैन्याने या खोऱ्यातली गावे जाळली. आज दिसणारी घरे बहुतांशी त्यानंतर बांधलेली आहेत. जाड दगडी भिंती, त्यांत खोलवर बसवलेल्या आणि बाहेरच्या बाजूला नरसाळ्यासारख्या रुंद होत गेलेल्या लहान खिडक्या, आणि भिंतीतून पुढे आलेला सज्जा, ज्यातून गल्लीची दोन्ही टोके दिसतात. नरसाळ्याच्या आकारामुळे खिडकी लहान ठेवूनही उजेड भरपूर आत येतो आणि ऊब बाहेर जात नाही. आम्ही उतरलो होतो त्या जुन्या घरात ‘श्ट्यूवा’ म्हणजे बैठकीची खोली तशीच जपलेली होती. तिच्या भिंती आणि छत आल्प्समध्ये उंचावर वाढणाऱ्या एका पाइनच्या लाकडाने मढवलेले होते, आणि त्या लाकडाचा मंद गोडसर वास खोलीत भरून राहिला होता. कोपऱ्यातल्या मोठ्या शेगडीला सरपण घालण्याचे तोंड खोलीत नसून पलीकडे होते, म्हणजे धूर आणि राख बैठकीत येण्याचा प्रश्नच नाही. शेगडीच्या वर छताला एक चौकोनी झाकण होते. ते उघडले की ऊब वरच्या निजण्याच्या खोलीत जाते, आणि थंडीच्या रात्री घरातली माणसेही शेगडीवर पाय ठेवून तिथूनच वर चढत असत.

या घरांची ओळख मात्र त्यांच्या भिंतींवरच्या नक्षीने होते. तिला स्ग्राफितो म्हणतात आणि ती रंगवलेली नसते, कोरलेली असते. भिंतीवर आधी चुना आणि वाळूचा करडा गिलावा करतात, त्यावर पांढऱ्या चुन्याचा पातळ हात देतात, आणि तो ओला असतानाच लोखंडी हत्याराने खरवडून खालचा करडा थर उघडा करतात. चुना सुकला की हात चालत नाही, म्हणून दिवसाला जेवढे कोरून होईल तेवढ्याच भागावर पांढरा हात द्यायचा. हे तंत्र इटलीतून आले. इथल्या कारागिरांनी त्यातून खिडक्यांभोवती कमळासारखी चक्रे, लाटांच्या किनारी, वेली आणि समुद्रापासून इतक्या दूर असूनही डॉल्फिनसारखे जलचर कोरले. चक्रांच्या मध्यभागी कंपासच्या टोकाचा बारीक खड्डा अजून दिसतो. आईने त्यावर बोट ठेवले आणि ठिपक्यांची रांगोळी काढताना मधला ठिपका जसा आधी पक्का करतात, तसा हा आधी केला असणार, असे ती म्हणाली. मला ते पटले, कारण एकदा मध्य ठरला की पुढचे सगळे मोजमाप हाताच्या सवयीने होते.

ही घरे अशी टिकून राहिली त्यामागे नशिबापेक्षा कष्ट अधिक आहेत. गावाच्या जीर्णोद्धाराचे काम १९३९ पासून वास्तुविशारद याखेन उलरिख क्योन्त्स यांच्या देखरेखीखाली सुरू झाले, आणि १९७५ साली गावाला वास्तुवारसा जपल्याबद्दल दिला जाणारा वाकर पुरस्कार मिळाला. भिंती निव्वळ शोभेसाठी ठेवलेल्या नाहीत, हे सकाळी लवकर बाहेर पडले की कळते. गल्लीच्या टोकाला लाकडी नळीतून अखंड पाणी पडणारे हौद आहेत, आणि त्यांच्याभोवतीचा चौक हीच त्या त्या आळीची बसण्याची जागा आहे. भेटणारा प्रत्येक जण ‘आलेग्रा’ म्हणतो. आपणही तसेच उत्तर द्यावे, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नाही. देशाच्या लोकसंख्येपैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांची भाषा असलेल्या रोमान्शला १९३८ च्या सार्वमताने राष्ट्रीय भाषेचा दर्जा मिळाला. या खोऱ्यातल्या तिच्या बोलीला वालादेर म्हणतात. घरांच्या भिंतींवर कोरलेली वचने तिच्यातच आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आर्देत्सकडे निघालो. स्विस पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेला असतो, आणि तो न थांबता चालणाऱ्याचा असतो. पाटीवर दीड तास होता, आम्हाला तीन तास लागले, आणि त्यातले अर्धे अधिक आम्ही बसून घालवले. बोश्चापर्यंत वाट जवळजवळ सपाट आहे. बोश्चा म्हणजे मोजकी घरे आणि एक पाण्याचा हौद. तिथून पुढे वाट हळूहळू उतरत जाते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही बाजूंना पिवळे पडत चाललेले लार्च वृक्ष उभे असतात. लार्च सूचिपर्णी असूनही पानगळ करणारा आहे, त्यामुळे डोंगराच्या वरच्या अंगाला हिरव्या स्प्रूसमधून सोन्याचे पट्टे उमटलेले दिसतात.

पण मला सगळ्यांत जास्त गुंतवून ठेवले ते वाटेखालच्या उतारावरच्या पायऱ्यांनी. या सूर्यमुखी उतारांवर मध्ययुगापासून ताली घालून शेत केले गेले, आणि त्यांवर प्रामुख्याने सातू आणि राय पिकवली गेली. आता बहुतेक ठिकाणी गवत आहे, तरीही दुपारची तिरपी उन्हे पडली की तालीमागून ताली अशा सावल्या उतारभर उमटतात. तालींच्या बांधांवर रानगुलाब आणि दारूहळदीच्या कुळातल्या काटेरी झुडपांची कुंपणे वाढली आहेत. त्यांची लाल फळे त्या दिवसांत पिकलेली होती आणि पक्षी त्यांच्यात गढून गेले होते. डोंगरउतारावर माती धरून ठेवण्यासाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या दगड रचले आहेत. कोयनेच्या खोऱ्यात नाचणीची खाचरे पाहिलेल्या कुणालाही हे पाहताना त्या श्रमाची जाण येईल. आई तर प्रत्येक वळणावर बांधाची उंची न्याहाळत होती.

आर्देत्सच्या पुढे श्टाइन्सबर्ग किल्ल्याच्या बुरुजाचे अवशेष एका खडकावर उभे आहेत आणि ते दूरवरूनच दिसू लागतात. गावातले ‘आदम-हव्वेचे घर’ १६४७ चे आहे. सज्जाभोवती झाड, फळे आणि पानाफुलांची अशी गर्दी रंगवलेली आहे की आदम आणि हव्वा त्यात शोधावे लागतात. इथली भित्तिचित्रे रंगीत आहेत, म्हणून ग्वार्दानंतर ती पाहणे अधिक चांगले. आधी करडा-पांढरा संयम पाहिलेला असला की हा रंगोत्सव डोळ्यांत भरतो.

दुपारी एका बेकरीत आम्ही अक्रोडाचा केक खाल्ला. कुरकुरीत पिठाच्या दोन थरांमध्ये साखरेच्या पाकात शिजवलेले अक्रोड असतात, आणि एका तुकड्यावर दोघींचे सहज भागते. या उंचीवर अक्रोड पिकत नाहीत. इथल्या माणसांनी परदेशात मिठाईची दुकाने थाटली आणि ही चव परतताना सोबत आणली, असे सांगतात. ग्राउब्युंडनचे लोक व्हेनिसमध्ये मिठाईच्या धंद्यात होते. १७६६ साली व्हेनिसने त्यांच्या सवलती काढून घेतल्यावर ते युरोपभर विखुरले. वर्षभर परमुलखात राहून उन्हाळ्यात गावी येणाऱ्यांना इथे ‘रांदुलिन’ म्हणजे पाकोळ्या म्हणतात. मुंबईत नोकरी करून गणपतीला आणि मे महिन्यात गावी येणाऱ्या आपल्या चाकरमान्यांची आठवण मला त्या शब्दाने झाली.

चौथ्या दिवशी आर्देत्सहून फ्तानला जाताना मात्र चढ लागतो, सुमारे दोनशे मीटरचा, आणि तो संपूर्ण वाटेवर विभागलेला असल्याने आईलाही जड गेला नाही. या टप्प्यावर नदीपलीकडच्या एका सुळक्यावर तारास्पचा किल्ला समोर येतो. त्याचा इतिहास सुमारे १०४० पासून सुरू होतो, आणि हे तारास्प १८०३ पर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते, त्यामुळे आजूबाजूच्या प्रॉटेस्टंट गावांमध्ये ते कॅथलिक राहिले. फ्तानपासून श्कुओलपर्यंत सुमारे साडेतीनशे मीटर उतार आहे. चढापेक्षा अशा उतरणीचा गुडघ्याला त्रास जास्त होतो. आम्ही फ्तानला बस पकडली आणि हा सल्ला मी सगळ्यांना देईन.

श्कुओलचा खालचा भाग, नदीच्या अंगाचा, जुना आहे. खडकावर उभे असलेले संत गेअरचे चर्च १५१६ साली पूर्ण झाले, आत भिंती पांढऱ्या आणि जवळजवळ रिकाम्या आहेत, त्यामुळे छताच्या दगडी फासळ्यांची जाळी नजरेत भरते. पण हे गाव प्रसिद्ध आहे ते खनिज पाण्यासाठी. आसपासच्या परिसरात वीसहून अधिक झरे आहेत. चौकातल्या हौदाला दोन वेगळ्या नळ्या आहेत, एकीतून साधे पाणी पडते आणि दुसरीतून खनिज पाणी, आणि त्या दुसऱ्या नळीखाली लोहाने दगड तांबूस झालेला आहे. आईने ओंजळीत घेऊन चव घेतली, थोडे तोंड वाकडे केले, पुन्हा घेतले आणि म्हणाली, “लोखंडी कढईत रात्रभर ठेवलेल्या पाण्यासारखं लागतंय, पण सवय होईल.” मग तिने आमच्या दोन्ही बाटल्या साध्या पाण्याच्या नळीखाली भरल्या, कारण उद्या पुढच्या सेंट गावाच्या वाटेवर हौद कुठे लागेल ते तिला पाटीवर लिहिलेले दिसले नव्हते.