जागा सांगता, मग तेज का नाही सांगत?

'धूमकेतू अमुक पहाटे अमुक ताऱ्याशेजारी असेल हे महिनोन्‌महिने आधी सांगता, मग दिसेल किती तेजस्वी हे विचारलं की का चाचरता?' हा प्रश्न मला दर नव्या धूमकेतूबरोबर नव्याने विचारला जातो. एका वाक्यात उत्तर दिलं की ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटते, आणि ते तोंडावर दिसतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून आता सगळंच सांगते.

जागेचं गणित मुख्यतः सूर्याच्या आणि ग्रहांच्या ओढीचं आहे. काही रात्रींच्या नेमक्या नोंदी मिळाल्या की कक्षा बसवता येते, आणि नोंदींचा काळ जितका लांब तितकी ती पक्की होते. गुरू आणि शनी हॅलेच्या धूमकेतूला किती रेंगाळायला लावतील हे क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या फ्रेंच गणितींनी हाताने आकडे मांडून काढलं. त्यांनी १७५९च्या एप्रिलचा मध्य सांगितला. धूमकेतू १३ मार्चला उपसूर्य बिंदूशी, म्हणजे कक्षेतल्या सूर्याला सर्वांत जवळच्या जागी, पोचला. पाऊणशे वर्षांच्या फेरीत महिन्याभराचा फरक! आज तोच धूमकेतू २८ जुलै २०६१ला सूर्याजवळ असेल असं आपण निर्धास्त म्हणतो. इथेही खोड आहेच. तापलेल्या बाजूने वायू सुटतो आणि केंद्रकाला, म्हणजे धूमकेतूच्या बर्फाळ गाभ्याला, हलका रेटा देतो. एन्केचा धूमकेतू एकोणिसाव्या शतकात दर फेरीला सुमारे अडीच तास लवकर येत होता, तो याच रेट्यामुळे. पण हा रेटा मोजून गणितात घेता येतो.

तेजाचं तसं नाही. नुसता दगड असता तर सूर्यापासूनचं अंतर निम्मं झाल्यावर त्याच्यावरचा उजेड चौपट झाला असता. धूमकेतू मात्र जवळ येताना जास्त वायू आणि धूळ सोडतो, त्यामुळे साधारण हिशेब सोळापटीचा धरतात. म्हणजे अंतराचा चौथा घात. हा चार कुठून आला? आधीच्या धूमकेतूंच्या सरासरीतून. समोरचा धूमकेतू तीनचा आहे, चारचा की सहाचा, हे त्याच्यावर रात्रीमागून रात्र नजर ठेवल्याशिवाय कळत नाही. आणि सहाचा आहे असं कळल्यावरही महिन्याभराने तो दोनचा होऊ शकतो, कारण वरच्या थरातला सहज उडणारा बर्फ संपलेला असतो. आत काय शिल्लक आहे हे कक्षेत लिहिलेलं नसतं.

आता २०१३च्या आयसॉन धूमकेतूबद्दल, कारण खरा प्रश्न त्याच्याचबद्दल असतो.

२१ सप्टेंबर २०१२ला तो सापडला तेव्हा गुरूच्या कक्षेपलीकडे होता. जुन्या छायाचित्रांत मागे जाऊन शोधल्यावर त्यांतही तो मिळाला, आणि कक्षा झटपट पक्की झाली: २८ नोव्हेंबर २०१३, सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे १२ लाख किलोमीटर. ते अचूक ठरलं. पण त्याच सुमारास 'पौर्णिमेच्या चंद्राहून तेजस्वी' हे मथळे आले. चौथ्या घाताच्या जागी तिसरा धरला, तर पृथ्वीइतक्या अंतरापासून त्या टोकापर्यंत येताना तेजात ऐंशीपट फरक पडतो. हे मी तेव्हाही विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. ऐकणाऱ्यांना चंद्र तेवढा लक्षात राहिला.

मी नोंदी ठेवत गेले. २०१३च्या पहिल्या महिन्यांत तो सूर्याकडे सरकत होता आणि तेज जवळजवळ तिथल्या तिथे होतं. आलेखात चढण हवी तिथे सपाट रेघ. ऊर्ट मेघातून, म्हणजे सूर्यमालेच्या पार कडेच्या बर्फाळ गोळ्यांच्या ढगातून, पहिल्यांदाच आत येणारे धूमकेतू दूर असताना लवकर उजळतात आणि मग मंदावतात, हे माहीत होतं. तरी रोज वाटायचं, उद्या उचल घेईल.

१४ नोव्हेंबरच्या सुमारास त्याने खरंच उचल घेतली. आठव्या प्रतीचा धूमकेतू दोन-तीन दिवसांत सहाव्याच्याही वर आला (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त). पहाटे चित्रा ताऱ्याच्या बाजूला होता, आणि नेमकी १७ तारखेची पौर्णिमा आड आलेली. अंदाज घ्यायचा तर बायनॉक्युलर मुद्दाम अस्पष्ट करावा लागतो. ताऱ्याचा ठिपका फुगून धूमकेतूच्या शिराएवढा गोल झाला, की दोन्हींची तुलना करायची: या ताऱ्याहून उजळ, त्याच्याहून मंद, मधल्या अंतराच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर. क्षितिजाजवळच्या हवेने तारा किती खाल्लाय आणि धूमकेतू किती, तेही धरायचं. तेवढ्यात पूर्व पांढरी होऊ लागते. त्या पहाटे हात गारठलेले असूनही मी आकडा परत परत ताडून पाहिला, कारण तो खरा वाटत नव्हता.

२८ तारखेला मी सूर्याभोवतालचा भाग टिपणाऱ्या सोहो यानाची चित्रं एकामागून एक उघडत बसले. आधी शिर इतकं तेजस्वी की चित्रात त्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघा उमटलेल्या. मग सूर्याजवळ जाता जाता शिर मंदावलं, निमुळतं झालं, टोकदार सुईसारखं. सूर्यावरच नजर असलेल्या दुसऱ्या यानाला काहीच दिसलं नाही. काही तासांनी पलीकडून पंख्यासारखा फिकट पसारा बाहेर आला आणि जगभर लोक 'वाचला' म्हणू लागले. मीही त्या पसाऱ्यात केंद्रक शोधत राहिले. तो धुळीचा होता. काही दिवसांत तोही विरला.

दुसऱ्या दिवशी माझ्या जवळच्या मैत्रिणीने विचारलं, 'वर्षभर आकडे लिहिलेस, त्यातून आधी एक तरी गोष्ट कळली का?' तिच्या बोलण्यात खोच नव्हती. मला तेव्हा बोलताच आलं नाही, आणि ते अजून लागतं. आज सांगू शकते: ती सपाट रेघ. धूमकेतूच्या आत काय चाललंय याचा दिसणारा पुरावा तेवढाच होता, आणि तो फक्त न चुकता लिहिणाऱ्यांकडे होता. मंद असतानाच्या नोंदी नसत्या, तर शेवटच्या उसळीचा अर्थच लावता आला नसता. पण खरं सांगायचं तर त्या आठवड्यात या उत्तराने माझंही समाधान झालं नसतं. मला तो दिसायला हवा होता.

त्यानंतर मी ठरवलं की तेजाचा आकडा आधी सांगायचाच नाही. २०२०च्या वसंतात ॲटलास, म्हणजे सी/२०१९ वाय४, झपाट्याने उजळला. मी गप्प राहिले, आणि एप्रिलमध्ये त्याचे तुकडे झाले. त्याच वर्षी मार्चअखेरीस सापडलेला निओवाइज जुलैत नुसत्या डोळ्यांनी शेपटीसकट दिसला. मग २०२४. जुलैमध्ये एका अभ्यासात त्सुचिन्शान-ॲटलासचा शेवट अटळ असल्याचं मांडलं गेलं. तो २७ सप्टेंबरला सूर्याला वळसा घालून शाबूत बाहेर आला, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपण त्याच्या धुळीकडे जवळपास सूर्याच्या दिशेने पाहत असल्यामुळे, समोर विखुरलेल्या उजेडाने आणखी उजळला. म्हणजे नकाराचं भाकीतही सुरक्षित नाही. १७पी/होम्स हा धूमकेतू तर २००७मध्ये सूर्यापासून दूर जात असताना दोन दिवसांच्या आत सुमारे पाच लाख पटींनी उजळला. त्याला कुठला घात लावाल?

तेव्हाची मी म्हणते, आकडा दिला की मथळा होतो, गप्प बस. आताची मी म्हणते, गप्प बसलं तर लोक पहाटे उठणारच नाहीत, आणि चांगला धूमकेतू त्यांच्याविना निघून जाईल. म्हणून हल्ली विचारलंत तर जागा ठामपणे सांगते. तेजासाठी वरची आणि खालची अशा दोन्ही प्रती सांगते, आणि शेवटचं प्रत्यक्ष निरीक्षण कधीचं तेही. लोक वरचाच आकडा घेऊन जातात. ते कसं थांबवायचं, याचं उत्तर दोघींपैकी एकीकडेही नाही.