उजनी उणे झाली की बगळे जवळ येतात

उजनी धरण उणे टक्क्यांत गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठ्याला हात लागला, की पेपरात काळजीच्या बातम्या येतात, आणि त्या खऱ्याच असतात. धरण ११७ टीएमसीचं, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. सोलापूरला प्यायला पाणी, कालव्यांना आवर्तन, वर सगळीकडे ऊस. पाणी उतरणारच. आमचं घर भिगवणच्या बाजूला, कुंभारगावच्या शिवारात, अगदी फुगवट्याच्या काठावर. पाणी उतरायला लागलं की इथला काठ थोडा थोडा पुढे सरकतो, आणि मागे जो ओला चिखल राहतो त्यावर पक्षी उतरतात.

हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही घरी जेवण देतो. ते फोनवर हमखास विचारतात, कुठला महिना चांगला? मी म्हणते, महिना सोडा, पाणी कुठंवर आहे ते विचारा. धरण भरलेलं असलं की पाणी थेट बाभळींच्या बुंध्याला लागतं, पाय लांब असलेल्या पक्ष्यालाही टेकायला जागा नसते. पाऊस कमी झालेल्या वर्षी चिखल लवकर उघडा पडतो, भरपूर झाला तर फेब्रुवारीपर्यंत वाट बघावी लागते. रोहित पक्ष्यांचंही, म्हणजे फ्लेमिंगोंचंही, तेच. उथळ पाणी मिळेपर्यंत ते इकडे ठरत नाहीत.

एकदा काठावर बसून बघा, कोण किती पाण्यात उभं आहे ते. अगदी कोरड्या कडेला चिखल्या पळतात, चार पावलं पळायचं, थांबायचं, टिपायचं. ओल्या रेषेवर तुतवार, शेपूट सारखी वरखाली. त्यापुढे शेकाट्या, गुलाबी काड्यांसारखे पाय घेऊन. मग मालगुजा, चोच पार डोळ्यापर्यंत चिखलात खुपसणारा. त्याच्या चोचीचं टोक इतकं संवेदनशील असतं की चिखलातला किडा न दिसताही त्याला कळतो. आणखी आत चमचे नावाचे पक्षी आणि चित्रबलाक. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात धरून चालतो, मासा लागला की ती झटकन मिटते. त्यामुळे गढूळ पाण्यातही त्याचं पोट भरतं. त्यांच्याहून खोल राखी बगळा, आणि त्याच्याही पलीकडे रोहित, डोकं उलटं करून पाणी गाळणारे. एवढे पक्षी एका काठावर खातात, तरी एकमेकांच्या ताटात सहसा हात घालत नाहीत.

मला राखी बगळा सगळ्यांत जास्त बघायला मिळतो, कारण आमच्या घाटाच्या पुढे एका जुन्या दगडी बांधावर तो तासन्‌तास उभा असतो. मान आत ओढून, पाठीत बाक घेऊन. माझी भाकरी होते, भांडी होतात, तो तिथेच. मग मान सुटते आणि पाण्यातून चिलापी मासा वर येतो. मान सुटताना दिसतच नाही, इतकी लवकर. बगळ्यांच्या मानेतला सहावा मणका वेगळ्या घडणीचा असतो, म्हणून मानेला तो कायमचा पीळ पडलेला दिसतो आणि भाल्यासारखा वार करता येतो. खरी गंमत पुढे आहे. आडवी पकडलेली चिलापी तो लगेच गिळत नाही. चोचीत फिरवत फिरवत तिचं डोकं आपल्या घशाकडे आणतो. मी रोज चिलापी साफ करते, तिच्या पाठीवरचे काटे कसे उभे राहतात आणि शेपटीकडून हात फिरवला तर कसे लागतात ते मला माहीत आहे. डोक्याकडून गेली की ते काटे मिटत जातात. मग गळ्यातून एक गाठ सावकाश खाली सरकताना दिसते, आणि तो दोन घोट पाणी पितो.

उडताना ओळखायला मान बघायची. बगळा मान दुमडून घेतो, करकोचे आणि शराटी ती पुढे ताणून उडतात. पांढऱ्यांत लहान बगळ्याचे पाय काळे आणि बोटं पिवळी. ती पिवळी बोटं तो चिखलात थरथरवतो, खालचं काही हललं की टिपतो. मोठ्या आणि मध्यम बगळ्यात घोळ होतो. मोठ्याच्या चोचीची फट डोळ्याच्याही मागे गेलेली असते, मध्यमाची डोळ्याखालीच संपते. ढोकरी मात्र चिखलावर बसली की पाठ आणि चिखल एकच. पाय पडायच्या बेताला आलं की पांढरेशुभ्र पंख उघडून उडते.

जांभळा बगळा बघायचा असेल तर पाणकणसात बघा. मानेवरच्या तांबूस-काळ्या रेघा कणसांच्या देठांत इतक्या मिसळतात की नजर दोनदा त्याच्यावरून जाते. मला विचाराल तर साऱ्या उजनीत याच्याइतका देखणा पक्षी नाही. पाहुणे रोहितांच्या मागे असतात, त्यामुळे त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

रोहितांवरून मनातली एक गोष्ट सांगते. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून होडी सरळ त्याच्या अंगावर नेली जाते. मला त्याचा फार राग येतो. लांबून आलेला पक्षी इथे पोट भरायला उतरतो. दर होडीला उठून पलीकडे जायचं म्हणजे खाल्लेलं उडण्यातच गेलं. आमच्याकडे जेवायला येणाऱ्यांना मी आधीच सांगते, होडीवाल्याला लांबच थांबवायला सांगा, तो ऐकतो. थव्याने खाणं सोडून माना वर केल्या की समजा, आपण फार जवळ आलो. दुसरं म्हणजे फाटलेली जाळी. काठावर टाकलेल्या नायलॉनच्या तुकड्यात शेकाट्याचे पाय अडकतात. मुलांना आम्ही ती गोळा करायला लावलीत, दिसली की आणून चुलीमागच्या पोत्यात टाकतात.

मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, जुनं घर याच पाण्यात गेलं. धरण १९८० ला पूर्ण झालं तेव्हा ते ऐन विशीत होते. उन्हाळ्यात पळसदेवचं देऊळ उघडं पडलं की ते बघायला जाऊन येतातच. राखी बगळ्याचा तो बांधही आमच्याच जुन्या मळ्याचा. मामा सगळ्याच मोठ्या पक्ष्यांना ढोक म्हणतात. एकदा मी दुर्बीण लावून बसले होते तेव्हा म्हणाले, "पोरी, ढोक उभा हाय ना, तितनं दहा पावलांवर आपली हिर. तिकडं पाणी खोल, म्हणून तो म्होरं जात न्हाई." खरंच, तो त्या बाजूला कधीच सरकत नाही.

पाणी आणखी हटलं की मामा गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, करतात, बहुतेक म्हशींपुरता मका. नांगर लागला की गायबगळे कुठून येतात कळत नाही, फाळाच्या मागोमाग चालत उलथलेल्या ढेकळांतले किडे वेचतात. एप्रिल-मे उजाडला की त्यांच्या डोक्यावर आणि पाठीवर नारिंगी रंग चढतो. तेव्हा याल तर शेतातून बघा, होडी लागत नाही. फक्त मका तुडवू नका.