दर पाच वर्षांनी भिंत बघायला येणारा माणूस

इंग्लंडमधल्या ज्या खेड्यात मी राहते, तिथल्या जुन्या चर्चला एक ठरलेला आर्किटेक्ट आहे. बांधून शेकडो वर्षं झालेल्या इमारतीला आता आर्किटेक्ट कशाला, असं तुम्ही विचाराल. तर चर्च ऑफ इंग्लंडच्या १९५५ पासून चालत आलेल्या नियमानुसार प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावीच लागते, आणि ती करतो आर्किटेक्ट किंवा त्यातला जाणकार सर्व्हेयर.

आमच्याकडचे आर्किटेक्ट शिडी लावून आधी पन्हळीत हात घालतात. कुजलेला पाला काढतात, पाणी कुठे तुंबतं ते बघतात. मग भिंतीतल्या दगडांमधले सांधे बघतात. मागे कुणीतरी चुन्याऐवजी सिमेंट भरलं होतं. चुना दगडापेक्षा मऊ, भिंतीतली ओल त्याच्यातून निघून जाते. सिमेंटने ती वाट बुजली की ओल दगडातूनच बाहेर पडते, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. त्यांनी बोट फिरवलं तशी दगडाची पूड माझ्या डोळ्यांदेखत खाली पडली. शेवटी ते लिहून देतात: हे आत्ताच करा, हे दोनेक वर्षांत, हे राहू द्या. हे ‘राहू द्या’ लिहायला मोठी समज लागते.

ही समज इथेही भांडूनच आली. जुन्या चर्चचा गिलावा खरवडून ती ‘नवी’ करायचा सपाटा आर्किटेक्टांनीच लावला होता. त्याविरुद्ध कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस, आर्किटेक्ट फिलिप वेब वगैरेंनी १८७७ मध्ये जुन्या इमारती जपणारी एक संस्था काढली. ती आजही तरुण आर्किटेक्टांना गवंडी-सुतारांसोबत कामावर शिकायला पाठवते.

मला आमची बुलडाण्याकडची गढी आठवते. खाली दगड, वर पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती, सागवानी खांब. काका म्हणाले, “भिताडाले ओल येते म्हणून सिमिट मारलं.” काकांचा दोष नाही, सांगणारं कोणी आलंच नाही. आता पावसाळ्यात प्लास्टर मातीसकट सुटतं.

सिंदखेडराजाचा लखुजीराव जाधवांचा वाडा सरकारच्या देखरेखीखाली आहे, पण खाजगी गढ्यांना कोण वाली? नागपूर-अमरावतीला आर्किटेक्चर शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींनो, मृग लागायच्या आधी आपल्याच गावात एक चक्कर मारा. कवेलू फुटलेत का, पन्हळ कुठे गळते, वाळवी कोणत्या खांबाला लागली, एवढं तरी घरच्यांना लिहून द्या.

काका सिमेंट काढायला तयार झालेत. पांढऱ्या मातीचा गिलावा जाणणारा कोणी जुना गवंडी तुमच्या गावात असेल, तर मला नक्की कळवा.