चौतीस नंबरची पिन

रात्री अडीच वाजता फोनवर निरोप आला, 'टाकी भरली'. पुढच्याच मिनिटाला, 'टाकी रिकामी'. मग पुन्हा भरली. आमच्याकडे पाणी येतं पहाटे साडेपाचला, त्यामुळे अडीच वाजता टाकीत काही घडत असलंच तर ते फार तर शेवाळाचं. तरी बाबा टॉर्च घेऊन गच्चीवर गेलेच. खाली येऊन म्हणाले, "टाकी होती तशीच आहे. तुझं यंत्र बरळतंय."

यंत्र म्हणजे काडेपेटीपेक्षा जरासा मोठा ईएसपी३२चा बोर्ड, म्हणजे एका चिपवरचा छोटासा कॉम्प्युटर. दोन्ही कडांना पंधरा-पंधरा पिना, वाय-फाय त्याच्यातच. टाकीत फ्लोट स्विच टांगलेला, म्हणजे आत लोहचुंबक असलेलं एक तरंगतं बोंड. पाणी चढलं की ते वर येतं आणि दांड्यातला स्विच जुळतो. तिथून बारा मीटर वायर जिन्यातून खाली आणलेली. एक टोक ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, दुसरं ३४ नंबरच्या पिनेला. ३४च का, तर ती वायरच्या सगळ्यात जवळ होती. एवढा विचार मी कपड्याची पिन निवडतानाही करते.

सकाळी लॅपटॉप जोडून बसले. पडद्यावर पिनेचे आकडे सरकत होते: एक, एक, शून्य, एक, शून्य, शून्य. टाकी रिकामी, स्विच उघडा, म्हणजे सलग एक यायला हवा होता. वायर नीट करावी म्हणून हात पुढे केला तर आकड्यांची चाल बदलली. हात मागे घेतला, पुन्हा बदलली. स्पर्श नाही, नुसता हात जवळ. थोडा वेळ मी मांत्रिकासारखी त्या बोर्डावरून हात फिरवत बसले होते हे कबूल करते. मजा येते.

शाळेत कॉम्प्युटरच्या बाईंनी ठामपणे सांगितलं होतं, तिथे शून्य नाहीतर एक, तिसरं काही नाही. पण पिनेला शून्य आणि एक कळत नाहीत, तिला व्होल्ट कळतात. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या या चिपमध्ये साधारण ०.८च्या खाली शून्य आणि अडीचच्या वर एक. मधल्या पट्ट्यात पिन काय म्हणेल ते तिचं ती जाणे. त्यातून इनपुट केलेली पिन करंट जवळजवळ ओढतच नाही, म्हणून तिला कुठेही ढकलायला काहीच जोर लागत नाही. स्विच उघडा असला की बारा मीटर वायर नुसती अँटेना. जिन्यात ती घराच्या वायरिंगला चिकटून उतरलेली, त्यामुळे घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण तिच्या कानात चोवीस तास. पिन खोटं बोलत नव्हती. तिला कशाशीच बांधलेलं नव्हतं आणि मी दर सेकंदाला विचारत होते, बोल, टाकी भरली का?

यावरचा उपाय मला माहीत होता आणि मी तो केलाही होता, हे जास्त लागलं. पिनेला एका मोठ्या रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टला बांधून ठेवायचं, म्हणजे स्विच उघडा असताना ती एकवर राहते आणि जुळला की शून्यावर येते. हा पुलअप चिपच्या आतच असतो, प्रोग्रॅममध्ये एक शब्द लिहून तो चालू करायचा. मी लिहिला होता. प्रोग्रॅमनं निमूटपणे घेतला होता. मग चिपची डेटाशीट, म्हणजे तिची माहितीपुस्तिका, उघडली तेव्हा कळलं, की ३४पासून ३९पर्यंतच्या पिनांना आत पुलअप नाहीतच. शिवाय त्या फक्त इनपुट, त्यांच्यातून काही बाहेर पाठवता येत नाही. लग्नाच्या बैठकीतल्या धाकट्या काकांसारख्या: सगळं ऐकायचं, बोलायचं काही नाही. त्यातल्या ३६ आणि ३९वर तर आकडाही छापलेला नसतो, नुसतं व्हीपी आणि व्हीएन. आणि असा शब्द लिहिल्यावर प्रोग्रॅमनं निदान खाकरायला तरी हवं होतं, असं माझं अजूनही मत आहे.

आत पुलअप नाही, तर बाहेरून लावायचा. संध्याकाळी पासोड्या विठोबावरून तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, शिरले. "दहा केचा, म्हणजे दहा हजार ओहमचा रेझिस्टर हवाय, पाव वॅट." "किती?" "एक." दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं आणि शंभरचं पाकीट काउंटरवर ठेवलं.

तपकिरी, काळा, नारिंगी पट्ट्यांचा एक रेझिस्टर काढून ब्रेडबोर्डवर, म्हणजे बोर्ड आणि वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीवर, खोचला. एक पाय ३४च्या ओळीत, दुसरा कडेच्या तांबड्या रेषेवर, जिथे ३.३ व्होल्ट आणून सोडलेले. आकडे पाहिले. एक, शून्य, शून्य, एक. ढिम्म फरक नाही.

मग केलं ते वैतागलेली माणसं करतात तेच. ३४ जळली असं जाहीर केलं, वायर आणि रेझिस्टर उचलून १२ नंबरच्या पिनेवर नेले. तर बोर्ड सुरूच होईना. पडद्यावर त्याच चार ओळींची रडकथा फिरून फिरून.

हे वाचून सापडलं. चिप जागी होते तेव्हा पहिल्या क्षणाला १२ नंबरकडे बघते. ती पिन वर, म्हणजे ३.३ व्होल्टला, असेल तर आपल्या शेजारच्या फ्लॅश मेमरीला १.८ व्होल्ट हवेत असं धरून चालते. माझ्या बोर्डावरच्या मेमरीला हवेत ३.३. म्हणजे मी नेमक्या त्याच पिनेला वर बांधून चिपला उपाशी उठवत होते. बोर्डावर याची काही खूण नाही. 'डी१२' असं शेजारणींसारखंच साधं नाव.

बाबा इतका वेळ पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते, बत्तीस वर्षं. दोन वायरी जोडलेला एक बल्ब एवढ्या हत्यारावर त्यांनी गाड्या उभ्या केल्या. हेडलाइट लागत नाही म्हणून थेट बल्ब बदलणाऱ्या हेल्परवर त्यांचा विशेष राग.

"आधी अर्थ बघितलास का?" त्यांनी विचारलं. ग्राउंडला ते अर्थ म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, बाबा गाड्यांना मराठी शिकवतात.

अर्थ होता. मीटरनं पाहिला.

"मग मला सांग, बारा नंबरला हा रेझिस्टन्स लावला की बोर्ड मरतो. म्हणजे तिथे काहीतरी पोचतंय. चौतीसला लावला तर काहीच होत नाही. म्हणजे तिथे काही पोचतच नाहीये. रेझिस्टन्स तोच ना?"

तोच होता. मी दोन बिघाडांवर दोनदा वैतागले होते, त्यांनी ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले. बोर्डावर १२ खालच्या टोकाला आहे आणि ३४ वरच्या. मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन काड्यांमध्ये जोड असला की पिप वाजतो तिथे, ठेवून एक काडी तांबड्या रेषेच्या खालच्या टोकाला लावली आणि दुसरी वर वर सरकवत नेली. पिप, पिप, पिप, आणि अर्ध्यावर आवाज बंद. कडेची रेषा आत मध्यावर तुटलेली होती. छापलेल्या तांबड्या रेघेतही तिथे नखाएवढी फट होती. ती मी रोज बघत होते आणि छपाई खराब आहे असं समजत होते. लांब ब्रेडबोर्डांत हे मुद्दाम ठेवलेलं असतं, दोन अर्ध्यांना वेगवेगळे व्होल्ट देता यावेत म्हणून. वायर आणि रेझिस्टर परत ३४वर नेले, फटीवरून एक छोटी वायर टाकली. ३४ सलग एक म्हणू लागली. हात फिरवला, तरी एकच. थोडं वाईटही वाटलं.

फ्लोट सोडवून बादलीत धरला: शून्य. वर उचलला: एक. टाकीत परत बसवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं तेव्हा एका मिनिटात अकरा निरोप आले, भरली, रिकामी, भरली. या वेळी मात्र पिनेचं काही चुकत नव्हतं. नळाची धार पडून पाणी हिंदकळत होतं आणि बोंड त्यावर नाचत होतं. पाच सेकंद सलग एकच उत्तर आलं तरच ऐकायचं, असं प्रोग्रॅममध्ये लिहून टाकलं.

"दहा हजारच का?" बाबांनी चहा पिताना विचारलं. "पाच हजारांचा चालला नसता?"

चालला असता. पाकिटात दहाचे होते.

ते पाकीट आता त्यांच्याकडे गेलंय. जुन्या सुपारीच्या डबीत ओतून वर चिठ्ठी चिकटवली आहे, बॉलपेननं: 'वर ओढणारे, ९९'.