दुसऱ्याच्या गाण्यातलं कडवं

आज दिवसभर अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन. आधी १९८२चा अल्बम 'नेब्रास्का', मग एकदम २००६चा 'वुई शाल ओव्हरकम: द सीगर सेशन्स'. मधलं सगळं मुद्दाम वगळलं.

'नेब्रास्का'ची जन्मकथा माहीत असूनही दर वेळी नवल वाटतं. मोठा दौरा आटोपून आलेला गायक न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एकट्याने गाणी टिपून ठेवतो. नंतर बँडला घेऊन तीच गाणी स्टुडिओत करून पाहिली, पण कॅसेटवरची धग काही उतरेना. शेवटी कॅसेटच अल्बम म्हणून बाजारात आली. त्याआधीच्या दौऱ्यात तो लोकगायक वुडी गथ्रीचं गाणं म्हणू लागला होता. मला तर लोकसंगीताकडच्या वळणाची सुरुवात तिथेच दिसते.

पण लोकसंगीताकडे वळणं म्हणजे नुसती वाद्यं कमी करणं नव्हे. 'सीगर सेशन्स'मध्ये तर दाटीवाटी आहे: बँजो, फिडल, अकॉर्डियन, वर ट्रम्पेट-ट्रॉम्बोन. आणि मूळ अल्बमात त्याने स्वतः लिहिलेलं एकही गाणं नाही! स्वतःच्या गाण्यांवर नाव कमावलेला माणूस, लोकगायक पीट सीगरने गाऊन घरोघरी पोचवलेली गाणी घेऊन दौऱ्यावर निघतो. केवढा विश्वास लागतो त्याला, त्या गाण्यांवरही आणि ऐकणाऱ्यांवरही.

त्या दौऱ्यातला एप्रिल २००६मधला न्यू ऑर्लिन्सचा कार्यक्रम मला सगळ्यात जवळचा. शहर बुडवणाऱ्या कतरीना वादळाला वर्षही झालेलं नव्हतं. तिथे त्याने जुन्या काळच्या लोकगायक ब्लाइंड आल्फ्रेड रीडचं १९२९चं गाणं काढलं: अशा दिवसांत गरिबाने जगायचं तरी कसं? डॉक्टर हसतमुखाने येतो, कुचकामी गोळी देतो आणि भलंमोठं बिल हातात ठेवतो, हे रीडचं कडवं तसंच ठेवलं. पुढची कडवी मात्र स्वतः लिहिली, फुटलेल्या बांधांची, वाताहत झालेल्या माणसांची. चाल ठसक्यात, पाय ठेका धरतात आणि शब्द घशात अडकतात. कुठे रीड संपतो आणि कुठे स्प्रिंगस्टीन सुरू होतो, हे माहीत नसेल तर ओळखू येत नाही. त्याची लेखणी मला इथे जितकी भिडते तितकी त्याच्या गाजलेल्या गाण्यांतही क्वचितच.

उद्या रीडचं मूळ रेकॉर्डिंग ऐकणार, सलग दोनदा तरी.